हंगाम संपल्यावर उरलेली पाच मुलं

संपादकांनी बजावलं आहे, "अनुभव लिही, पत्रक लिहू नकोस." प्रयत्न करते. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकंच लिहीत आलेय. वसतिगृहातलं जेवण, पाण्याचा टँकर, मुलींच्या एसटी पासची रांग. पत्रकाची एक शिस्त असते. वर मथळा, मग 'जबाबदार कोण?', मग मागण्या आणि शेवटी 'आपले नम्र'. त्या नम्रपणाचा वरच्या मजकुराशी काही संबंध नसतो.

गेली काही वर्षं मी बीडमधल्या एका छोट्या मदत समितीत काम करते. काम म्हणजे मागणं. दंगलीत, गोळीबारात, दोन समाजांच्या भांडणात ज्यांना घर सोडून पळावं लागलं, त्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी लोकांकडे मागायचं. मला पगार मिळतो आणि तोही मागून आणलेल्यातूनच मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण दर तिसरा माणूस विचारतो, "तुमाला किती सुटतं यातून?" पहिल्या वर्षी या प्रश्नानं माझं डोकं फिरायचं. आता मी पगाराचा आकडा सांगते. लोक गप्प होतात. काही जण तर चहा मागवतात.

बाहेरच्यांना वाटतं, हे हात पसरायचं काम आहे. तसं नाही, हे प्रश्नांना उत्तरं द्यायचं काम आहे. आमच्या जिल्ह्यातला माणूस चौकशी केल्याशिवाय खिशात हात घालत नाही आणि चौकशी करतो ती तुम्ही तयारी केलेली सोडून भलत्याच गोष्टीची.

नांदूरघाटला एक किराणा दुकान आहे. मालक साठीचे, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी ईशान्येकडच्या दंगलीवरचं माझं पत्रक पूर्ण वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि विचारलं, "चूक कोणाची हाय?"

मला हाच प्रश्न हवा होता. मी सुरू झाले. जमीन कुणाची, हत्यारं कुणी वाटली, आधी कोणती अफवा सुटली, सरकार कुठं होतं. पाऊण तास बोलले. मधल्या वेळात दोन गिऱ्हाइकं साबण घेऊन गेली, एक बाई शेंगदाणे निवडत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"पोरी, लई चांगलं बोलतीस," अप्पा म्हणाले. "भाषणाला चहा पाजतो. पैसे न्हाई."

"का अप्पा?"

"तू मला एका बाजूचा करायलीस. लेकराला दूध द्यायला मी कावून कुणाच्या बाजूचा व्हावं?"

मी चिडून उठले. दंगल काही पावसासारखी आभाळातून पडत नाही, कुणीतरी ती पाडतं, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. पण एसटीत बसल्यावर मनात आलं की पाऊण तासात घर सोडलेल्या एकाही माणसाबद्दल मी बोलले नव्हते. घर सोडायला लावणाऱ्यांबद्दलच सगळं बोलले होते.

दुसरी गंमत आष्टीच्या बाजारातली. एका धनगर आजोबांना मी जळक्या घराचा फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"गोठा कुठला यातला?"

"माहीत नाही, आजोबा."

"जनावरं घिऊन गेले का सोडून?"

"तेही माहीत नाही."

"मंग तुला काय म्हाईत हाय, लेकी?"

आजूबाजूचे हसले. त्या म्हाताऱ्याला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिकडच्या निर्वासित छावणीतल्या कार्यकर्त्याला फोन लावला आणि त्याला जनावरांचं विचारलं. तो चकित झाला. म्हणाला, वर्षभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. दोन दिवसांनी त्यानं कळवलं की बऱ्याच जणांनी गाई सोडून दिल्या, दावी कापून. पुढच्या बाजारी मी आजोबांना शोधून काढलं आणि सांगितलं.

"दावं कापलं? सोडलं न्हाई?"

"कापलं."

ते म्हणाले, "गाठ सोडायलाबी टाइम न्हवता म्हनायचा." त्यांनी दिलं ते दिलंच, शेजारच्या तीन मेंढपाळांनाही द्यायला लावलं. त्या दिवसापासून मला ज्यांची उत्तरं येत नाहीत ते प्रश्न मी वहीत लिहू लागले.

एवढं सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात मी एक प्रश्न लिहायलाच विसरले. विसरले असंही म्हणता येत नाही. तो मला सुचलाच नाही.

आमच्या समितीचं एक हंगामी वसतिगृह आहे, बीडपासून तासाभरावरच्या गावात. जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगते. इथली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. शाळेतली मुलं गावात राहावीत म्हणून तेवढ्या महिन्यांपुरती वसतिगृहं चालतात. जेवण, अंथरूण, अभ्यास, आजारी पडलं तर डॉक्टर. मी स्वतः आष्टी तालुक्यातल्या अशाच वसतिगृहात तीन हंगाम काढलेत. माझी माय कोयता घेऊन गाडीत चढायची आणि मी हात हलवायचे. त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. सगळ्या वर्गाचंच तसं होतं.

दोन वर्षांपूर्वी छावणीतून निरोप आला. ईशान्येकडच्या राज्यातली ती छावणी, तिथली शाळा बंद पडलेली, थंडीत मुलं आजारी. काही मुलांना शांतता होईपर्यंत कुणी सांभाळेल का? आम्ही एका दिवसात हो म्हणालो. जागा आहे, गाद्या आहेत, स्वयंपाकाच्या बाई आहेत, मुलं सांभाळायची सवय आहे. तिथल्या अधिकाऱ्यांचं पत्र, इथल्या अधिकाऱ्यांचं पत्र, घरच्यांचे अंगठे, सगळे कागद नीट झाले. पाच मुलं आली. मी पत्रक काढलं, 'होरपळलेल्या चिमुकल्यांना बीडची माया'. आता वाचलं की कानशिलं तापतात, पण ते पत्रक चाललं. लहान मुलाचा फोटो असला की लोक वाचतही नाहीत, देतात. धंद्यातलं हे पहिलं सत्य, आणि मला ते कधीच आवडलं नाही.

पाचांतली दोन सख्खी भावंडं. नावं लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिकडं आहेत. बहीण अकरा वर्षांची, तिला मोठी म्हणते. भाऊ पाचाचा, तो धाकटा. मोठी दोन महिन्यांत मराठी बोलायला लागली, तीही अस्सल इथली. "मला न्हाई जेवायचं" हे वाक्य ती सगळ्यात आधी शिकली.

मुलं खात नव्हती. आम्ही भात वाढवला, तिखट कमी केलं, कुठून कुठून सुकी मासळी मिळवली. धाकटा रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसायचा. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, "होईल सवय. आपली न्हाई का होत?" मी मान डोलावली. आपली होते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

हंगाम अर्धा झालेला असताना गयाबाई आली. कारखान्यावरून, नात्यातलं कुणी वारलं म्हणून दोन दिवसांसाठी. तिची दोन मुलं आमच्याकडे होती. मुलांना जवळ घेऊन ओट्यावर बसली, पिशवीतून गूळ काढला, सगळ्यांना वाटला. धाकट्यानं गूळ घेतला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं.

"आन् यांची माय?"

"आहे. छावणीत."

"जित्ती हाय?" ती सरळ बसली. "मंग हितं कावून न्हाई?"

"तिथं हाल आहेत, गयाबाई. इथं मुलांना जेवण मिळतं, शाळा मिळते. तुमची नाही का राहत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, आमी उचल घितलेली असती म्हनून जातो. आमची पोरं दिस मोजतेत. कारखान्याचा पट्टा पडला की माय येनार, ते त्यांला ठावं असतंय. ह्या लेकरानं काय मोजायचं?"

उचल म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी; पट्टा पडणं म्हणजे गाळप थांबणं, हंगाम संपणं. आमच्या वसतिगृहात भिंतीवर मुलं रेघा मारतात. मीही मारायचे. धाकटा रोज त्या भिंतीजवळ उभा राहून इतरांना रेघा मारताना बघायचा, हे मी कितीदा बघितलं होतं. मला वाटायचं, त्याला चित्रकला आवडते.

त्या संध्याकाळी मी पाच मुलांचे अर्ज काढले. आमचाच छापील नमुना. वडिलांचं नाव, गाव, कारखाना कुठला, परत येण्याचा अंदाजे महिना. पाचही अर्जांत कारखान्याच्या जागी आम्ही रेघ ओढली होती. आईच्या रकान्यात एकच शब्द होता, हयात. आणि परतण्याच्या महिन्यापुढं माझ्याच अक्षरात 'मार्च' लिहिलेलं होतं. सवयीनं. सगळ्यांचाच मार्च असतो म्हणून.

मग उजेड पडला तो दुसराच. वसतिगृह हंगामी. पट्टा पडला की आई-बाप येतात, मुलं घरी जातात, आम्ही कुलूप लावतो. ही पाच मुलं कुठं जाणार, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यातल्यांशिवाय दुसऱ्या कुणाला ही चूक जमली नसती. आई-बापांशिवायची मुलं बघायची आम्हाला इतकी सवय की त्यात चुकीचं काही दिसेनाच.

समितीचे सचिव देशमाने सर, निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस. त्यांनी वर्षभर मुलं ठेवणाऱ्या संस्थांची चौकशी करून ठेवली. मुलींची संस्था एकीकडे, लहान मुलग्यांची दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणजे मोठी इकडे आणि धाकटा तिकडे. हातात दीड महिना होता.

"सर, आयांनाच आणू," मी म्हणाले. "बीडमध्ये खोली करून देऊ. क्लासवाल्या पोरांच्या इतक्या मेस आहेत, कामाला माणूस मिळत नाही. मुलं आईजवळ राहतील."

"अगं, लोक लेकरासाठी देतात. बाईसाठी देत नाहीत. धट्टीकट्टी बाई दिसली की विचारतात, ही कमवून का खात नाही?"

"कमवून खायलाच तर येतेय."

"मग तर देणारच नाहीत."

सर खोटं बोलत नव्हते. धंद्यातलं हे दुसरं सत्य. मी रात्र घालून नवं पत्रक लिहिलं. 'विस्थापित मातांचा हक्क'. चार दिवस बीडच्या बसस्टँडवर, कोर्टाबाहेर वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली, त्यावर भजी खाल्ली. खोलीसाठी मी आणि सर दारोदार फिरलो. घरमालक आधी "हो" म्हणायचे, मग "कुठल्या हायत?" विचारायचे आणि मग त्यांच्या पुतण्याला खोली लागायची. एकानं तर विचारलं, "खातेत काय त्या?" मी म्हणाले, "तुमच्यासारखं डोकं नाही खात." सरांनी मला हाताला धरून बाहेर काढलं.

गयाबाईला फोन केला तो फक्त रडगाणं सांगायला. ती कारखान्यावर परत गेली होती, उसाच्या फडात होती. ऐकून म्हणाली, "तुमी लई लांबण लावता, ताई. म्या बगते."

संध्याकाळी तिनं तोडकरी बायकांच्या ग्रुपवर आवाजाचा निरोप टाकला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, कुणीतरी भाकरी थापतंय. "बायांनो, आपल्या वसतिगृहात दोन भावंडं हायत. त्यांची माय जित्ती हाय, लांब हाय. तिला गाडीभाडं पायजे. आपला पट्टा पडायच्या आत ती आली पायजे, न्हाई तर आपली लेकरं आपल्याला बिलगतील आन् ती बगत बसतील. ज्याला जमंल त्यानं द्या."

बस. दंगल नाही, राज्य नाही, समाज नाही, जबाबदार कोण ते तर नाहीच. मी तो निरोप दहादा ऐकला. पत्रकवाली म्हणून मला राग आला आणि पत्रकवाली म्हणूनच समजलं की यातला एकही शब्द काढता येत नाही.

तो निरोप कोल्हापूर-सांगलीकडच्या फडांतून, कर्नाटकातल्या फडांतून फिरला. कोयत्यावर गेलेल्या बायकांच्या फोनवरून पैसे यायला लागले. कुणाचे एक दिवसाच्या मजुरीचे, कुणाचे त्याहून कमी. त्यांच्याकडे मागायचं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. ज्यांच्यासाठी मागायचं, त्या यादीत मी त्यांना धरलं होतं.

तो निरोप फिरत फिरत नांदूरघाटला पोचला. अप्पांचा फोन आला.

"पोरी, ती तुमची बाई कोण हाय? आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलंय."

"गयाबाई. तोडकरी आहे."

"खोली मिळाली का?"

"नाही. सगळ्यांचे पुतणे आडवे येतात."

ते हसले. "माझ्या मेव्हण्याच्या दोन खोल्या हायत बीडात, मेसच्या गल्लीत. त्यो बी पुतण्याचं नाव सांगंल. म्या त्याच्याशी बोलतो." मग थांबून म्हणाले, "पर चूक कोणाची होती, ते तू सांगितलंच न्हाईस या टायमाला."

"विचारा ना, सांगते."

"नगं. येळ न्हाई माझ्याकडं तेवढा."

पाच मुलांच्या तीन आया होत्या. दोघी यायला तयार झाल्या. तिसरी म्हणाली, मी आधीच घरापासून लांब आलेय, आणखी लांब जाणार नाही, माझा मुलगा मला परत द्या. आम्ही दिला. सर स्वतः त्याला पोचवून आले. तिथली शाळा अजून सुरू झालेली नाही असं ऐकते. आम्ही त्याचं बरं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. ठरवता येत नाही असं लिहिणं माझ्या स्वभावात नाही, पण तसंच आहे.

पट्टा पडायला आठवडा असताना त्या दोघी आल्या. रेल्वेनं संभाजीनगर, तिथून एसटी. दुपारी दोनला बीडच्या स्टँडवर मी चारही मुलांना घेऊन उभी होते. ऊन रणरणत होतं, उसाच्या रसवाल्याच्या घाण्याची घंटा वाजत होती. गाडी लागली. शेवटून दोन बायका उतरल्या. एकीच्या हातात प्लॅस्टिकची बादली, तिच्यात कोंबलेले कपडे. तीच भावंडांची आई. माझ्या वयाची असेल. पत्रकात मी 'माता' लिहिलं होतं आणि डोळ्यांपुढं कुणी पोक्त बाई आणली होती.

मोठी धावली नाही. चालत गेली आणि आईच्या हातातली बादली घेतली. धाकटा माझ्या ओढणीला धरून राहिला. आई खाली बसली, त्याला हाक मारली नाही, नुसती बसून राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. कंडक्टरनं हॉर्न वाजवू दिला नाही एवढं आठवतं. मग धाकटा तिच्याकडे गेला. तिनं त्याचे पाय, हात, कान असं एकेक तपासलं, जसं काही मोजूनच परत घेत होती.

मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. कबूल करते, मी थोडी ताठ उभी राहिले.

ती उठली आणि बघितलंही. तिच्या भाषेत काहीतरी विचारलं, शांतपणे.

"काय म्हणते?" मी मोठीला विचारलं.

"काय न्हाई."

"सांग ना."

मोठीनं बादली खाली ठेवली. "ती म्हनतीय, मायला सोडून पोरं एकटी आणायची, हे कुणी ठरवलं?"

छावणीतल्या कार्यकर्त्याचं नाव घेता आलं असतं. बंद पडलेली शाळा होती, थंडी होती, अंगठ्याचे कागद होते. दंगल करणारे तर होतेच. 'जबाबदार कोण' यावर मी पाऊण तास बोलू शकते.

"आम्ही," मी म्हणाले. "मी."

मोठीनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे वळली आणि बोलायला लागली. माझे दोनच शब्द होते. ती बराच वेळ बोलत होती, हात हलवून, मध्येच वसतिगृहाच्या दिशेनं बोट दाखवून, एकदा माझ्याकडेही. आई ऐकत राहिली. शेवटी तिनं मान हलवली, धाकट्याला कडेवर घेतलं आणि रिक्षांच्या दिशेनं चालू लागली.

मोठी आता आठवीत आहे आणि शनिवारी आमच्या ऑफिसात पत्रकांच्या घड्या घालायला येते. त्या दिवशी तिनं काय सांगितलं, ते मी अजून विचारलेलं नाही.